घटिकापात्र तपासणारा माणूस

भास्कराचार्यांचे नाव निघाले की आपल्याकडे लहानथोर सर्वांना एकच गोष्ट आठवते. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत संसारसुख नव्हते. वडील मोठे ज्योतिषी. त्यांनी आकडेमोड करून असा एक मुहूर्त काढला की, त्या घटकेला लग्न लागले तर सारे अरिष्ट टळावे. मांडवात पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडले. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की अक्षता पडायच्या. नटलेली नवरी कुतूहलाने वाकून पाहायला गेली, तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. पाणी आत येईना, वाटी बुडेना आणि मुहूर्त टळून गेला. मुलीचे नाव तरी जगात राहावे म्हणून हताश बापाने मग गणिताचा ग्रंथ लिहिला, तो ‘लीलावती’.

गोष्ट हृद्य आहे. तेरखेड्याच्या शाळेत गणित शिकवताना मीही ती अनेकदा सांगितली आहे. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ती कुठेही नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले. त्या भाषांतरातून ही कथा आपल्यापर्यंत आली आणि तोवर मूळ ग्रंथाला चारशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती. ग्रंथात जिला उद्देशून उदाहरणे घातली आहेत, तिला कुठे बाळ, कुठे मैत्रीण, तर कुठे प्रिया अशी हाक आहे. त्यामुळे लीलावती त्यांची कोण होती, यावर पंडितांचे आजही एकमत नाही.

माझा आक्षेप मात्र निराळाच आहे. घटिकापात्र कसे तपासून घ्यावे, हे ज्या माणसाने शास्त्रात लिहून ठेवले, त्याच माणसाला आपण घटिकापात्राने फसवलेला बाप करून टाकले आहे. त्या तपासणीचे मोल काय, याचा प्रत्यय मला गेल्या दिवाळीत मुलांच्या एका खेळातून आला. त्याकडे जाण्यापूर्वी या माणसाचे चरित्र थोडक्यात पाहू.

सह्याद्रीच्या पायथ्याचा गणिती

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. हा रस्ता बीड, छत्रपती संभाजीनगर करीत कन्नडचा घाट उतरतो आणि चाळीसगावला पोहोचतो. तिथून जवळच डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे. पाटणादेवी म्हणून भाविकांना आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांमुळे पर्यटकांना ते ठाऊक असते. या पाटणच्या देवळातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः या दगडावरून आणि त्यांनी स्वतः ग्रंथाच्या शेवटी लिहिलेल्या चार ओळींवरून.

त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. वडील महेश्वर हे स्वतः विद्वान आणि तेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडवीड. हे गाव नेमके कोणते, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. कुणी ते पाटणच्या परिसरात मानतात, तर कुणी कर्नाटकातले विजापूर म्हणतात. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ओसरत चाललेली आणि देवगिरीचे यादव वर येत असलेले, असा तो काळ होता.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. अंकगणितासारख्या रूक्ष विषयात त्यांनी कमळावरचे भुंगे आणले, बिळाकडे धावणारा साप आणि त्यावर झेप घेणारा मोर आणला, वाऱ्याने मोडलेला वेळू आणला. बीजगणितात त्यांनी एक कोडे सोडवले आहे. ज्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच येते, ती मूळ संख्या कोणती? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. हेच कोडे फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकले, तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर पाचशे वर्षे जुने झाले होते. ते अंदाजाने काढलेले नव्हते. चक्रवाल नावाच्या रीतीने, पायरीपायरीने, ते मिळत होते.

पुढे ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्याला झटपट गणित करता यावे, हा त्याचा हेतू. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी पंडित झाला, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा राजज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चांगदेवाने पाटणला मठ काढला. त्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा हा शिलालेख आहे. त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत असून, बाजारातल्या मालावरील आणि तेलाच्या घाण्यांवरील काही हिस्सा मठाला द्यावा, असे त्यात ठरवून दिले आहे. गणिताच्या शाळेचा खर्च गावच्या तेल्यांनी उचलावा, ही गोष्ट मला मोत्याच्या कथेपेक्षाही मोलाची वाटते.

खाचेतली मोटार

आता तो खेळ. दिवाळीत पुण्याहून माझा पुतण्या त्याच्या मुलांना घेऊन आला, तेव्हा मुलांनी एक मोठे खोके आणले होते. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवले की ओसरीभर लांबट गोल रस्ता तयार होतो. त्या रस्त्यात दोन खाचा असतात. बोटभर रुंदीच्या मोटारीच्या नाकाखाली एक पाते असते, ते खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असून त्यांतून मोटारीला वीज मिळते. हातातली कळ जितकी दाबावी तितका वेग वाढतो. मोटार वळणे आपोआप घेते, पण वळणावर वेग जास्त झाला की खाचेतून उसळून थेट तुळशी वृंदावनापाशी जाते. याला स्लॉट कार म्हणतात. इंग्लंडमध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने हा खेळ १९५७ मध्ये बाजारात आला आणि घरोघर पोहोचला.

पूर्वी अशा शर्यतीत कुणीतरी घड्याळ घेऊन बसत असे. आता मुलांनी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर मोबाईल आडवा ठेवला. त्यातले अ‍ॅप कॅमेऱ्यातून अंतिम रेषेकडे पाहत राहते. मोटार खालून गेली की तेवढा भाग हलतो आणि अ‍ॅप फेरीची वेळ लिहून ठेवते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. थोरल्या नातीने शेजारी आपल्या आईचा मोबाईल ठेवला, त्यातही तसेच अ‍ॅप घातले आणि भांडण सुरू झाले. एकाच मोटारीची एकच फेरी एका मोबाईलवर ४.२३३ सेकंदांची, तर दुसऱ्यावर ४.२६७ सेकंदांची. शर्यत जिंकणे-हरणे तेवढ्या फरकावर अवलंबून! धाकट्याने निकाल दिला, की महाग मोबाईल खरा.

कालगणनेच्या जुन्या ग्रंथांत निमिषाचेही भाग पाडलेले आहेत. भास्कराचार्यांच्या कोष्टकात ६० घटिकांचा एक अहोरात्र, ३० कलांची एक घटिका, ३० काष्ठांची एक कला, १८ निमिषांची एक काष्ठा, ३० तत्परांचे एक निमिष आणि १०० त्रुटींचे एक तत्पर. आजच्या भाषेत घटिका म्हणजे २४ मिनिटे, निमिष म्हणजे सेकंदाचा सुमारे अकरावा भाग, तर तत्पर म्हणजे सेकंदाचे सुमारे तीन हजारांश. त्रुटी तर सेकंदाचा ३३,७५० वा भाग. एवढा बारीक काळ मोजणारे यंत्र त्या काळी जगात कुठेच नव्हते, हे भास्कराचार्यांनाही ठाऊक असणारच. कोष्टकात लिहिता येते म्हणजे मोजता येते असे नव्हे. मोबाईलच्या पडद्यावरच्या तीन दशांश स्थळांचेही तसेच आहे.

वाटी खरी की दिवस खरा

घटिकापात्र कसे करावे हे सांगताना जुन्या ग्रंथांनी मापे दिली होती. तांबे दहा पल वजनाचे हवे, उंची सहा अंगुळे हवी, भोक ठरावीक वजनाच्या सोन्यातून ओढलेल्या सुईएवढे हवे, वगैरे. तशी वाटी बरोबर एका घटिकेत बुडते, असा समज होता. भास्कराचार्यांना हे पटले नाही. असल्या मापांना युक्तीचा आधार नाही आणि तशी वाटी घडवणेही अवघड, असे त्यांचे म्हणणे. त्यांची स्वतःची व्याख्या अगदी साधी आहे. अर्ध्या घटाच्या आकाराचे तांब्याचे भांडे घ्या, तळाला भोक पाडा, ते पाण्यावर सोडा आणि एका दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा. त्या संख्येने दिवसरात्रीला भागा. जे उत्तर येईल ते त्या वाटीचे माप. वाटी ६० वेळा बुडली तर एक घटिका. ५० वेळा बुडली तर एका बुडण्याची वेळ २८ मिनिटे ४८ सेकंद. वाटी वाईट नाही, फक्त तिचे माप निराळे.

या दोन ओळींत केवढा विचार आहे! पूर्वीच्यांनी यंत्राचा खरेपणा सोनाराच्या आणि तांबटाच्या हातात ठेवला होता. भास्कराचार्यांनी तो काढून घेऊन सूर्याच्या हाती दिला. यंत्र कुणी बनवले, कशाचे बनवले, किती किमतीचे आहे, हे सारे गौण. ज्याबद्दल वाद नाही अशा मोठ्या कालावधीशी ते ताडून पाहा.

मी मुलांना तेच करायला सांगितले. एक मोटार सलग ५० फेऱ्या पळवायची, दोन्ही अ‍ॅप चालू ठेवायची आणि पुतण्याने सेकंदकाट्याच्या मनगटी घड्याळावर फक्त सुरुवात आणि शेवट पाहायचा. एकूण वेळ आली ३ मिनिटे ३२ सेकंद. २१२ सेकंदांना ५० ने भागले की फेरी ४.२४ सेकंदांची. घड्याळ पाहण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली असे धरले, तरी ती ५० फेऱ्यांत वाटली जाते आणि एका फेरीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग येतो. मग दोन्ही मोबाईलांची सरासरी काढली. दोन्हीकडे तेच, ४.२४!

भांडण मिटले, पण कोडे उरले. ते नातीने सोडवले. दोन मोबाईलांत जेव्हा जेव्हा फरक पडत होता, तेव्हा तो जवळजवळ नेहमी ३३ किंवा ३४ हजारांशांचाच होता. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत होता, म्हणजे दोन चित्रांमध्ये सेकंदाचे ३३ हजारांश जातात. तेवढ्या वेळात मोटार तीन-चार बोटे पुढे गेलेली असते. तिने रेषा नेमकी कधी ओलांडली, हे कॅमेऱ्याला दिसतच नाही. एका मोबाईलने फेरीत १२७ चित्रे मोजली, दुसऱ्याने १२८. कुणीच खोटे बोलत नव्हते. अ‍ॅपने दाखवलेल्या शेवटच्या दोन आकड्यांना मात्र काही अर्थ नव्हता.

हा विचार खेळापुरता नाही, हे आमच्या गावाला सांगायला नको. तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखले जाते. दारूकामात वातीची लांबी म्हणजेच वेळ. वात पेटवल्यापासून मागे सरकायला किती सवड मिळणार, हे त्या लांबीवर ठरते. इथल्या कारखान्यांत अपघात झाले आहेत, घरातली कर्ती माणसे गेली आहेत. अशा कामात एवढ्या लांबीला एवढा वेळ, या ऐकीव मापावर विसंबायचे, की त्याच गुंडाळीतला लांबलचक तुकडा मोकळ्यावर जाळून, घड्याळ लावून, भागाकार करून पाहायचा? आठशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन ओळींत याचे उत्तर आहे.

क्षणाची गती

नातीचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. दुसऱ्या मोटारीची फेरी ४.१८ सेकंदांची आली. मग पहिलीचे सहा शंभरांश कुठे वाया जातात, सरळ रस्त्यावर की वळणावर? फेरीची वेळ ते सांगत नाही. मुलांनी वळणावर खडूने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारल्या. मोटार तेवढ्यात अवघी तीन चित्रे देते. एक चित्र इकडे-तिकडे झाले की वेगाच्या आकड्यात तिसऱ्या हिश्श्याची चूक. रेघा आणखी जवळ घेतल्या तर मोबाईल जवळजवळ आंधळाच होतो. वळणाच्या ऐन मध्यावर, त्या क्षणाला, मोटारीचा वेग किती, हे कळण्याच्या जितके जवळ जावे तितके यंत्र मागे पडते.

भास्कराचार्यांपुढे हाच प्रश्न चंद्राच्या रूपाने उभा होता. चंद्र रोज सारखा चालत नाही. आकाशातली त्याची दिवसाची चाल कधी बारा अंशांच्या आसपास, तर कधी पंधराच्या आसपास असते. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतले अंतर म्हणजे आजची गती, असे धरण्याची रीत होती. तिला त्यांनी स्थूल म्हटले. तिथी कधी संपते किंवा ग्रहण कधी लागते हे काढायचे, तर दिवसाची सरासरी उपयोगाची नाही. चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी, म्हणून त्या क्षणाचीच गती हवी. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले.

ती मोजण्याचे यंत्र नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. ती त्यांनी विचाराने काढली. कोन किंचित वाढला तर त्याची ज्या किती वाढते? ती वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते, हे त्यांनी मांडले. आज अकरावी-बारावीची मुले साइनचे विकलन कोसाइन असे पाठ करतात, त्याचे बीज इथे आहे. या वाटेवर त्यांच्याआधी दहाव्या शतकात मुंजाल हा गणिती चालला होता. भास्कराचार्यांनी ती वाट रुंद केली. ग्रहाचे सरासरी स्थानापासूनचे विचलन जिथे सर्वांत जास्त, तिथे त्या विचलनाची वाढ शून्य असते, हेही त्यांनी ओळखले होते. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थांबतो, तसेच हे.

या भागाचे महत्त्व आधुनिक जगाला दाखवून दिले तेही एका मराठी माणसाने. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपूरला मराठी शाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी लीलावती व बीजगणिताचे अध्ययन केले. पुढे सिहोरमार्गे ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. भास्कराचार्यांना विकलनाची कल्पना होती, असा लेख त्यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत लिहिला. त्यावर इंग्लंडात चर्चा झाली. भास्कराचार्यांनी कलनशास्त्राची पूर्ण इमारत उभारली नव्हती, हे खरे. पण सरासरी आणि क्षण यांतला भेद त्यांना स्वच्छ दिसला होता.

सर्वांत स्वस्त यंत्र

गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे. शंकू, चक्र, चाप, घटी अशी यंत्रे त्यात आहेत. फलकयंत्र हे भास्कराचार्यांच्या स्वतःच्या कल्पनेतले. त्यातच एक चाकही आहे. त्याच्या पोकळ आऱ्यांत पारा अर्धा भरला की ते आपोआप फिरत राहील, असे म्हटले आहे. तसे चाक फिरत नाही. ऊर्जा फुकट मिळत नाही, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. पारखून घ्या असे सांगणाऱ्याचे प्रत्येक म्हणणे आपणही पारखूनच घेतले पाहिजे आणि त्यात त्याचा अपमान नाही.

या सगळ्या यंत्रांच्या वर त्यांनी धीयंत्र ठेवले. धी म्हणजे बुद्धी. हातात एक साधी काठी असावी आणि ती वापरणाऱ्याला डोके असावे. मग वेळूची उंची, त्याचे अंतर, इतकेच काय, पाण्यातल्या प्रतिबिंबावरून त्याचे माप, सारे काढता येते. मोबाईलमधले अ‍ॅप हे उत्तम घटिकापात्र आहे. धीयंत्र मात्र ते नव्हे.

म्हणून मोत्याच्या कथेवर माझा विश्वास बसत नाही. ते ज्योतिषी होते, मुहूर्ताचे गणित त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता, हे नाकारायचे कारण नाही. पण सूर्याशी ताडून वाटीचे माप काढणारा माणूस मुलीच्या लग्नाच्या दिवशी एकाच वाटीकडे पाहत बसेल? शंकूची सावली पाहणार नाही? एवढा उशीर का होतो म्हणून वाटी उचलून बघणार नाही? कथेने आपल्याला काळापुढे हरलेला बाप दिला. ग्रंथांतला माणूस काळाचे माप स्वतः काढणारा आहे.

पाटणला चांगदेवाने काढलेली ती शाळा आज उरलेली नाही. तिला हिस्सा देणारे घाणे गेले. शिलालेख राहिला आणि ग्रंथ राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली, म्हणजे मठाबाहेरही हे शिक्षण शतकानुशतके चालत आले. ते पुढे चालवायला दगडी मठ लागतोच असे नाही. लीलावतीची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, ती सुंदर आहे. मात्र सांगून झाल्यावर तळाला भोक पाडलेली एक वाटी, बादलीभर पाणी आणि हवे तर मोबाईलही त्यांच्या हाती द्यावा. वाटी किती वेळात बुडते ते एकदा नव्हे, वीसदा मोजू द्यावे आणि भागाकार त्यांचा त्यांनाच करू द्यावा.